एका कोयत्यातली दोन माणसं

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं तेवढी उरायला लागली असतील. बाकीची ऊसतोडीला. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, तर कुणी आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला. नगर जिल्ह्याचं (कागदावर आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) हे एक वैशिष्ट्य आहे. उसाच्या धंद्याची दोन्ही टोकं इथे एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत आहेत. उत्तरेला भंडारदऱ्याचं पाणी, प्रवरेचे कालवे आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास लोणीला उभा केलेला सहकारी कारखाना. दक्षिणेला कोरडवाहू रान आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी हातात पडणारी आगाऊ रक्कम.

तोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, फिटते ती कोयत्याच्या हिशेबात, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. नवरा ऊस तोडतो. बायकोही तोडते, शिवाय पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. त्याआधी पहाटे उठून कोपीत भाकऱ्या थापलेल्या असतात. मुकादम उचल देतो ती बहुतेकदा नवऱ्याच्या हातात, आणि हंगाम संपल्यावर हिशेब होतो तोही त्याच्याशीच. बाई नसेल तर उचल निम्मी होते. म्हणजे तिच्या श्रमाची किंमत मुकादमाला पक्की ठाऊक आहे. फक्त ती तिच्या नावावर लिहिलेली नाही.

आपण समान वेतनाची चर्चा करतो ती दोन पगारपत्रकं शेजारी ठेवून. त्याचे इतके, तिचे इतके, मग फरक का? संविधानाच्या ३९व्या अनुच्छेदातलं समान कामाला समान वेतनाचं तत्त्व, १९७६चा समान वेतन कायदा, आता त्याला पोटात घेणारी वेतन संहिता, या सगळ्यांना तुलनेसाठी दोन आकडे लागतात. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या ऑड्री डिकोस्टा यांच्याजवळ ते होते. स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार, असा त्यांचा दावा होता आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. त्या निकालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो कमी पगार युनियनशी झालेल्या करारातून आलेला होता. करारावर कामगारांची सही आहे म्हणून भेदभाव कायदेशीर ठरत नाही, असं न्यायालयानं बजावलं.

ऊसतोडीचेही करार होतात. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. वाढ मोठी होती, संपाचा जोर होता, आणि निर्णय करणाऱ्या दोघांत एक बाई होती. तरी वाढला तो टनाचा दर. त्या टनातला तिचा वाटा किती, हा प्रश्न तसाच राहिला. डिकोस्टाबाईंना निदान कमी पगार होता. हिला पगारच नाही, मग कमी-जास्त कशाशी ताडून पाहायचं?

इथे कुणी म्हणेल, एका चुलीवर जेवणाऱ्यांत कसली वाटणी? चूल एक असेपर्यंत हा युक्तिवाद चालतो. नवऱ्यानं टाकलं, तो दारूत बुडाला किंवा उसाच्या गाडीखाली गेला, की उचल कुणी फेडायची हे मुकादमाला बरोबर आठवतं. कर्जात ती पूर्ण भागीदार, मजुरीत पाहुणी. एकट्या बाईला तर तोडीला जायलाच भाऊ नाही तर मुलगा जोडीला घ्यावा लागतो. आणि लग्न झालं की पूर्ण कोयता होतो, म्हणून हंगामाच्या तोंडावर कोवळ्या मुलींची लग्नं उरकली जातात. या लग्नांचं खापर आपण अडाणीपणावर फोडतो, त्यामागचा हिशेब पाहत नाही.

खाड्याचंही तसंच. एक दिवस काम बुडलं की दंड, आणि बाई आजारी पडली की अख्खा कोयता थांबतो. शेजारच्या बीडमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जी पाहणी आली तीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. डॉक्टरांवर बोट ठेवलं गेलं, ते योग्यच. पण पाळीत विसावा घ्यायला पगारी रजा लागते, आणि जिचा पगारच नाही तिला रजा कोण देणार?

दोन माणसांचं काम वेगळं मोजता येत नाही, असं मुकादम सांगतात. मोजायचं कशाला? वजन काट्यावर होतंच, रक्कम निम्मी-निम्मी करून दोन खात्यांवर टाकायची. याच महाराष्ट्रात ते झालेलं आहे. १९७२च्या दुष्काळात याच तालुक्यांतल्या बायका खडी फोडायला गेल्या. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. तिथेही काम टोळीनं व्हायचं, पुरुष खोदायचे, बायका पाट्या वाहायच्या. मोजमापात घोळ होते, पैसे थकायचे. पण मस्टरवर बाईचं नाव वेगळं होतं, आणि बाईचा दर कमी असं कायदा म्हणत नव्हता. गावातल्या खुरपणीला गड्याचा रोज एक आणि बाईचा दुसरा असताना सरकारी कामावर हे चाललं. बागायतदारांना ते अजिबात आवडलं नव्हतं, यावरूनच त्याचा परिणाम कळावा.

सहकारी कारखान्यांच्या संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा कायद्यानं राखून ठेवल्या आहेत. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी एकदा तोडणीची बिलं मागवून नावं वाचावीत. घाई करायला कारण आहे. फडात आता हार्वेस्टर उतरू लागले आहेत. उद्या यंत्रामुळे काम गेलेल्या मजुरांना भरपाई, पर्यायी रोजगार द्यायची वेळ आली, तर पुरावा म्हणून कारखान्याचं आणि मुकादमाचंच दप्तर उघडलं जाईल. त्यात पाथर्डीच्या हजारो बायका कधी कामावर आल्याच नव्हत्या, असं दिसेल.