शब्दाआधीचं पाहणं

अलिबागच्या उत्तरेला किहीमच्या किनाऱ्यावर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचं निरीक्षण केलं. तिथे दिसलं ते असं: घरटं विणतो नर. भाताच्या पातीला चोचीनं खाच पाडतो आणि कड धरून लांब धागा सोलून नेतो. घरटं घंटेच्या आकारापर्यंत आलं की विणकाम थांबतं. माद्या येतात, आत शिरून पारखतात. एखादीला ते पसंत पडलं तरच नर खालची नळी पुरी करतो आणि पुढच्या घरट्याला लागतो.

मराठी मनातली सुगरण मात्र बहिणाबाई चौधरींच्या कवितेतली. पिलांसाठी खोपा बांधणारी आई. पक्षिशास्त्र म्हणेल, इथे कर्ता बदलला आहे. तरीही त्या कवितेला बाध येत नाही, कारण बहिणाबाईंनी खोपा खरोखर पाहिला होता. इवल्याशा चोचीखेरीज त्या पाखराजवळ दुसरं अवजार नाही, हे त्यांनी टिपलं. किहीमच्या निरीक्षणानं ते खोडलं जात नाही, उलट पक्कं होतं. प्रतिमेचा प्राण अशा पाहिलेल्या तपशिलात असतो.

संस्कृत साहित्यशास्त्रात यावर जुना वाद आहे. वस्तू जशी आहे तशी साक्षात उभी करणाऱ्या स्वभावोक्तीला दंडीनं अलंकारांत पहिला मान दिला. कुंतकाला ती अलंकार म्हणून मान्यच नव्हती. स्वभाव हे तर वस्तूचं शरीर, त्यालाच दागिना कसं म्हणावं? लिहिणाऱ्यानं दोघांचंही ऐकावं. शरीर धड उभं राहिलं नाही, तर दागिने घालायचे कुणाला?

रायगडच्या किनाऱ्यावर लिहिताना ही कसोटी पदोपदी लागते. लेखणी सवयीनं ‘निळाशार सागर’ आणि ‘सोनेरी वाळू’ लिहून मोकळी होते. पण खाड्यांचा गाळ पोटात घेणारं अलिबागचं पाणी बहुधा मातकट असतं आणि पुळण काळसर. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालं की ओली वाळू तळव्याला घट्ट लागते, मध्येच खडकावरची कालवं बोचतात. कोळीवाड्यात बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर वाळत घालतात. ताज्या बोंबलाचा वास ओला, हिवस. उन्हं खाल्ल्यावर तोच खारट आणि कोरडा होतो. ‘उग्र दर्प’ या दोन शब्दांत हे सगळं ऊन वाया जातं.

अचूक शब्द बहुतेक वेळा कष्टकऱ्याच्या तोंडी असतो. कोळ्याला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे बेताची भरती, यांतला फरक ठाऊक असावाच लागतो. त्याची होडी आणि जाळं त्यावर अवलंबून असतं. आपण मात्र दोन्ही दिवशी ‘लाटा उसळत होत्या’ असंच लिहितो. यात शब्दसंपत्तीची गरिबी कमी आणि पाहण्याचा आळस जास्त असतो. आज या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या तोडून बंगले उठत आहेत. वाडीचं शिंपणं थांबलं की त्याभोवतीचे शब्दही बोलण्यातून जातात, आणि नाव गेलेली गोष्ट पुढच्या पिढीच्या डोळ्यांना दिसेनाशी होते. म्हणून विशेषण शोधण्याआधी वस्तूजवळ थांबावं, ती हाताळणाऱ्या माणसाला तिचं नाव विचारावं. एवढा मान दिला, तर पुष्कळदा विशेषणाची गरजच उरत नाही.