बळी तो कान पिळी?

‘मोठा मासा लहान माशाला खातो, हा सृष्टीचाच नियम आहे, मग माणसाला दोष का द्यावा?’ सावकारी असो वा जमिनीचा व्यवहार, हा युक्तिवाद आमच्या कानांवर वारंवार येतो. सृष्टी खरोखरच अशी साक्ष देते काय, हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अन्न मिळविण्याचा मार्ग सृष्टीत एकच नाही. हिरवे पान सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कर्बवायू यांपासून आपले अन्न स्वतः तयार करते, कोणाचाही जीव न घेता. वाघ ज्या हरणावर जगतो ते हरीण अशा पानांवरच पोसलेले असते. कुंपणावरची पिवळी अमरवेल मात्र दुसऱ्या झाडाच्या अंगात आपली शोषके रुतवते आणि आयता रस पिते. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे २,५०० मीटर खोल समुद्रतळाशी, उष्ण झऱ्यांभोवती जीवसृष्टी आढळली. तेथील मोठ्या नळीकृमींना प्रौढपणी तोंड नसते, आतडेही नसते. त्यांच्या देहातील जिवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या आधारे अन्न बनवतात आणि कृमी त्यांना आसरा व कच्चा माल पुरवतो. मध्य व दक्षिण अमेरिकेतील रक्तभक्षक वटवाघळे दोन-तीन रात्री उपाशी राहिली तर मरतात. परंतु पोट भरलेली मादी उपाशी सोबतिणीला आपल्या पोटातील रक्त भरवते, हे जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकात पाहिले व १९८४ साली प्रसिद्ध केले.

म्हणजे सृष्टीत हिसकावणे आहे, तशी देवाणघेवाणही आहे. मग सृष्टीच आपल्याला दानधर्म शिकवते, असे म्हणावे काय? तेही घाईचे होईल. लुबाडण्यासाठी वाघाचा दाखला देणारा आणि वाटून खाण्यासाठी वटवाघळाचा दाखला शोधणारा, दोघेही आपला निर्णय पशूंवर सोपवतात. अमरवेल पापी नव्हे आणि वटवाघूळ पुण्यवान नव्हे. ‘आपण असे वागावे काय?’ हा प्रश्नच त्यांच्यापुढे उभा राहत नाही. तो आपल्यापुढे उभा राहतो, आणि ज्याच्यापुढे तो उभा राहिला त्याला सृष्टिनियमाच्या आड लपता येत नाही.

आणखी एक भेद आहे. वटवाघूळ भरवते ते नात्यातल्यांना आणि दीर्घकाळ सोबत राहिलेल्यांना. ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, अशाच्या भुकेचा विचार माणूस करू शकतो. आपले ताट ज्यांच्या श्रमाने भरते, ते शेतमजूर आणि मासेमार बहुधा आपल्याला अनोळखीच असतात. त्यांना रास्त मजुरी व रास्त भाव मिळतो की नाही, हे वाघ विचारणार नाही. जेवणाआधी आभार मानणाऱ्या घराने मात्र ते विचारलेच पाहिजे, असे आम्हांस वाटते.