नदीचा मार्ग आणि वाघाचा मार्ग

नदीवर पूल बांधणारा मनुष्य नदीस जिंकतो, असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता पूल हे मनुष्याने नदीशी केलेल्या तहाचे चिन्ह होय. लोहमार्गासाठी मातीचा भराव घालीत आलेला अभियंता नदीकाठी येताच थबकतो. मोठ्यात मोठ्या पुराची खूण कोठवर चढली होती हे पाहतो, किती पाणी येईल याचा हिशेब मांडतो, आणि तेवढे पाणी निर्वेध जाईल इतके गाळे मोकळे सोडतो. आठ महिने कोरड्या असणाऱ्या ओढ्यासही तो निदान एक मोरी ठेवतो. हे औदार्य नव्हे. वाट दिली नाही तर नदी ती घेईल, आणि घेताना भराव व रूळ यांचा मुलाहिजा ठेवणार नाही, हे तो जाणून असतो.

चांदा फोर्टहून मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा यांवरून गोंदियास जाणारा लोहमार्ग या तहाचे बोलके उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने तो अडीच फूट रुंदीच्या रुळांवर घातला. त्याच शतकाच्या अखेरीस त्याचा रुंद मार्ग झाला. ब्रह्मपुरी आणि वडसा यांच्या दरम्यान तो वैनगंगा ओलांडतो. रूळ बदलले, एंजिने बदलली, गाड्यांचा भार वाढला; नदीस मोकळी जागा देण्याचे कलम मात्र दोन्ही वेळी पाळावेच लागले.

परंतु या मार्गास छेदून जाणारा आणखी एक प्रवाह आहे, आणि त्याच्याशी कोणी तह केला नाही. मोहर्लीच्या वेशीपासून पसरलेले ताडोब्याचे रान 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील वाघाचा बच्चा वयात आला की त्यास आईचा मुलूख सोडावा लागतो. नवा मुलूख शोधीत तो ब्रह्मपुरी-गडचिरोलीच्या किंवा दक्षिणेकडील रानांची वाट धरतो. ही वाट रुळांहून कितीतरी जुनी. तथापि वाघ रुळांवर मेला, तर भराव खचत नाही आणि पूल वाहून जात नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये चंद्रपूरजवळील जुनोन्याच्या रानात याच मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले.

येथे प्रश्न उभा राहतो तो असा : ज्याच्या अंगी आपले नुकसान करण्याचे सामर्थ्य आहे, त्याचाच हक्क आपण मानावयाचा काय? तसे असेल तर आपण ज्यास न्याय म्हणतो, ते भयाचेच सभ्य नाव ठरेल.

यावर कोणी म्हणेल, याच जिल्ह्यात वाघाने माणसे मारली आहेत. मोहफुले व तेंदूपाने वेचावयास गेलेली माणसे घरी परतली नाहीत. त्यांच्या गावांस दवाखान्याकडे नेणारी गाडी हवी, की वाघासाठी मोरी? हा आक्षेप हलका नाही. किंबहुना पान वेचणारी ती बाईदेखील वाघासारखीच आहे. तिच्याही हाती पूर नाही. म्हणून तिचा हक्क आणि वाघाचा हक्क एकमेकांवर घालून दोन्ही बुडविणे हे उत्तर नव्हे. वाघास जावयास निर्वेध वाट मिळाली, तर तो गावाच्या शिवेवर कमी घोटाळेल. आणि त्या वाटेचा खर्च रानाकाठच्या गरिबावर न टाकता, वेगाचा लाभ घेणाऱ्या आपणा सर्वांवर पडावा, हे न्यायाला धरून होईल.

हे अशक्य नाही. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या रानात, न्यायालयांत दाद मागितली गेल्यानंतर, महाराष्ट्राच्या हद्दीत वन्य प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ वाटा ठेवण्यात आल्या, आणि वाघ त्यांतून जाऊ लागल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले. तेथे पुराचे काम कायद्याने केले. दुर्बळाच्या वतीने पूर होऊन उभे राहणे, यासाठीच कायदा असतो. नदीसाठी पूल बांधण्यास गणित पुरते. ज्यास पूर आणता येत नाही त्याच्यासाठी वाट ठेवावयाची, तर गणिताआधी धर्मबुद्धी जागी असावी लागते.