दहा श्वासांचा एक चिंचोका

खापरखेड्यात सकाळी अंगण झाडलं की खराट्यापुढं धुळीसोबत राखही येते. 1,340 मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्राची ही राख तुळशीच्या पानांवर बसते, वाळत घातलेल्या दुपट्यांवर बसते. आणि खोकला? तो इतका घरचा झाला आहे की कोणी खोकलं तर मान वळत नाही.

अशाच एका घरी सात महिन्यांचं बाळ दोन दिवस खोकत होतं. बाप केंद्रात ठेकेदाराकडं कामाला. तो म्हणाला, "राखेचा खोकला हाय. इथं साऱ्याइलेच असते." आईनं छातीला तेल चोळलं, ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं.

त्याच दुपारी आईची आई गडचिरोलीकडून आली. पाय धुतले, नातवाला मांडीवर घेतलं आणि झबलं वर केलं.

"आई, गार लागंल न त्याले."

"चूप राय. मोजू दे."

शेजारची सातवीतली पोट्टी बाळाला खेळवायला आली होती. आजीनं तिला घड्याळाच्या काट्यासमोर बसवलं आणि मूठभर चिंचोके पुढ्यात ओतले. पोट वर आलं, खाली गेलं: एक. दहा झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडं. मिनिट भरलं तेव्हा उजवीकडं सहा होते आणि सातवा बोटांत.

"एवढ्या लेकराचे पन्नास झाले की डब्बा समजायचा. हे तर साठाच्या वर गेलं. उठा, दवाखान्यात चला."

आजी पूर्वी दाई होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या दायांसाठी मण्यांचं एक साधं यंत्र केलं होतं: एक मिनिटाची वाळूची घडी, दर दहा श्वासांना एक मणी, आणि लाल मणी सरकला की डब्बा, म्हणजे न्यूमोनिया. गावातल्याच माणसांनी हा आजार ओळखून वेळेवर औषध दिलं तर मुलं वाचतात, हे बंग दांपत्यानं 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. आजही जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सात लाखांहून जास्त मुलं न्यूमोनियानं जातात. त्यातल्या किती जणांचा श्वास कोणी मिनिटभर बसून मोजला असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं लागली. पाचव्या दिवशी बाळ घरी आलं. बाप बराच वेळ पाळण्याजवळ बसून राहिला. मग म्हणाला, "आई, मलेही शिकवा."

आजी महिनाभर राहिली. गल्लीतल्या बायका दुपारी चिंचोके घेऊन येऊ लागल्या. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. बाळ रडत असेल किंवा दूध पीत असेल तर थांबायचं, शांत झालं की मोजायचं. चुलीवर रांधणाऱ्या एकीनं त्याच आठवड्यात पाळणा स्वयंपाकघरातून बाहेर काढला.

पोट्टीनं मात्र विचारलं, "आजी, राख कशी मोजायची?"

आजीला ते ठाऊक नव्हतं. पोट्टीनंच वाट काढली. रोज सकाळी खिडकीची फळी पुसायची, संध्याकाळी तिच्यावर बोटानं नाव लिहून पाहायचं. नाव उमटलं त्या तारखेला कॅलेंडरवर फुली. पावसाळा सुरू होईपर्यंत तीन पानं भरली. ती पानं घेऊन बाप ग्रामसभेत उभा राहिला. जवळच्या नांदगावात लोक बोलले म्हणून 2022 मध्ये तिथल्या तलावात राख सोडणं थांबलं होतं, हे त्याला माहीत होतं. राख अजून पडतेच. फुल्याही चालूच आहेत.

परवा गल्लीच्या टोकाला आठ महिन्यांची मुलगी खोकत होती. पोट्टी धावत गेली, झबलं वर केलं. चार चिंचोके सरकले, पाचवा बोटांत आला आणि मिनिट संपलं.

"त्रेचाळीस," ती म्हणाली. चिंचोके मात्र तिनं तिथंच ठेवले. "मी तासाभरानं पुन्हा येतो."