पैसे आपले, अहवाल कुणाचा?

गृहकर्जाचा अर्ज केला की ‘लीगल-टेक्निकल’ नावाचा एक खर्च आपल्या माथी येतो. त्यातले ‘टेक्निकल’ म्हणजे मूल्यांकन. बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर फ्लॅट पाहून जातो, खोल्यांची मापे घेतो, फोटो काढतो, आसपासच्या व्यवहारांची चौकशी करतो आणि आपला अहवाल बँकेला पाठवतो. पैसे कर्जदाराचे. प्रत मागितली की उत्तर मात्र ठरलेले: ‘ते इंटर्नल डॉक्युमेंट आहे.’ फारच लावून धरले तर ‘कॉपीराइट’ हा शब्द बाहेर येतो, कधी बँकेच्या तोंडून, कधी व्हॅल्युअरच्या. त्यापुढे बहुतेक माणसे गप्प होतात. तसे होण्याचे काही कारण नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते, की लिखाणाचा पहिला मालक लेखक. लेखक नोकरीत असेल आणि नोकरीचा भाग म्हणून लिहीत असेल, तर मालक त्याचा मालक. पॅनेलवरचा व्हॅल्युअर बँकेचा नोकर नसतो, तो स्वतंत्र व्यावसायिक असतो. तेव्हा लेखी करार करून त्याने हक्क बँकेच्या नावे केले नसतील, तर अहवालातले शब्द त्याचेच. फी भरली म्हणून ते ना बँकेचे होतात, ना कर्जदाराचे. फोटोंचे मात्र उलटे आहे. मोबदला देऊन ज्याने फोटो काढवून घेतला, तो वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक, असे हेच कलम म्हणते. म्हणजे एकाच अहवालात स्वयंपाकघराचे वर्णन व्हॅल्युअरचे आणि त्याच स्वयंपाकघराचा फोटो बँकेचा. स्वयंपाकघर ज्याचे, त्याचे या हिशेबात नावही नाही.

शिवाय कॉपीराइट असतो तो मांडणीला, माहितीला नाही. कार्पेट एरिया, सर्व्हे नंबर, इमारतीचे वय, रेडी रेकनरचा दर यांवर कुणाचीच लेखक म्हणून मालकी नसते. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये म्हटले, की नुसते श्रम पुरत नाहीत, थोडी तरी सर्जकता दिसायला हवी. हा निकष लावला तर मूल्यांकन अहवालाचा बराच भाग गळून पडतो. नमुना बँकेचा, रकाने बँकेचे, व्हॅल्युअर ते भरतो. त्याचे लेखकपण दिसते ते दोन-तीन परिच्छेदांत: शेजारच्या गल्लीतला अमुक व्यवहार तुलनेला का घेतला, तमुक का वगळला, रस्त्यालगतच्या फ्लॅटला किती वजावट दिली. आता गंमत पाहा. काही महिन्यांत शिळा होणारा हा मजकूर कायद्याच्या लेखी व्हॅल्युअरच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे संरक्षित आहे.

पण समजा, कॉपीराइट पूर्णपणे व्हॅल्युअरचा आहे. म्हणून प्रत नाकारता येते का? डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे द्यावी लागतात. रेडिओलॉजिस्टचा अहवालही कुणीतरी लिहिलेलाच असतो. तिथे शब्दांची मालकी कुणी आडवी घालत नाही.

व्हॅल्युअरची खरी भीती निराळी आहे आणि ती मला रास्त वाटते. अहवाल एका तारखेचा, एका कारणासाठी, एका ग्राहकाला दिलेला असतो. कर्जासाठी हात राखून लिहिलेला आकडा उद्या भावाभावांच्या वाटणीत ‘बँकेनेच सांगितलंय’ म्हणून फेकला जातो. आणि आकडा चुकला, तर भरपाई कुणी कुणाला द्यायची? इंग्लंडमधला ‘स्मिथ विरुद्ध एरिक एस. बुश’ हा खटला यावरच लढला गेला. नॉर्विचमधले एक घर घेताना श्रीमती स्मिथ यांनी मूल्यांकनाची फी भरली. अहवाल मागवला होता कर्ज देणाऱ्या संस्थेने. तातडीच्या दुरुस्तीची गरज नाही, असे त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात आधीच्या कुणीतरी धुरांड्याचा खालचा भाग काढून टाकला होता आणि वरच्या भागाला आधार उरला नव्हता. दीड वर्षाने विटा छत फोडून झोपायच्या खोलीत आल्या. अहवालावर जबाबदारी नाकारणारी सूचना छापलेली होती. तरीही १९८९मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने व्हॅल्युअरला जबाबदार धरले. साध्या घराचा खरेदीदार याच अहवालावर विसंबणार हे त्याला ठाऊक होते आणि फी तिच्याच पैशातून आली होती. कॉपीराइट कुणाचा, हा प्रश्न त्या निकालाला लागलाच नाही.

अमेरिकेने वाद कायद्यानेच मिटवला. राहत्या घरावरच्या पहिल्या तारणाच्या कर्जात अर्जदाराला मूल्यांकनाची प्रत विनाशुल्क द्यायची, कर्ज नामंजूर झाले तरी द्यायची, हा नियम तिथे जानेवारी २०१४पासून आहे. मूल्यांकनाची फी घ्या, प्रतीचे पैसे घेऊ नका.

आपल्याकडे प्रत न मिळण्याची किंमत रुपयांत मोजता येते. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा मूल्याच्या ८० टक्के आहे. करारनामा ८० लाखांचा असेल, तर माणूस ६४ लाखांचा हिशेब धरतो. व्हॅल्युअरने ७२ लाख लिहिले आणि बँकेने तोच कमी आकडा धरला, की कर्ज ५७ लाख ६० हजारांवर येते. राहिलेले सहा लाख ४० हजार कुठून तरी उभे करायचे, आणि कुठल्या तुलनेमुळे आकडा घसरला हे न कळता. हप्ते थकले आणि प्रकरण सरफेसी कायद्यात गेले, तर याहून वाईट. तिथे नियम ८(५)नुसार पॅनेलवरच्या व्हॅल्युअरकडून मूल्यांकन घेऊनच राखीव किंमत ठरते. घर स्वस्तात गेले असे म्हणणाऱ्या कर्जदाराला तो कागद हाती नसताना भांडायचे कशावर, हे समजत नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३मध्ये कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करायला सांगितले, विलंबाला दिवसाला पाच हजार रुपये भरपाई ठेवली. मूल्यांकन अहवाल त्यात येत नाही, कारण तो कर्जदाराने दिलेला कागदच नव्हे. १५ एप्रिल २०२४चे परिपत्रक मला जास्त कामाचे वाटते. बँकेने त्रयस्थांसाठी कर्जदाराकडून जे शुल्क वसूल केले, त्याच्या पावत्या आणि संबंधित कागदपत्रे वाजवी मुदतीत कर्जदाराला द्यावीत, असे ते सांगते. उदाहरणे विमा आणि कायदेशीर शुल्काची आहेत, पुढे ‘इत्यादी’ आहे. व्हॅल्युअरची फी त्या ‘इत्यादी’त बसते, याबद्दल फारसा वाद होऊ नये. फीच्या बदल्यात तयार झालेला अहवाल ‘संबंधित कागदपत्र’ आहे की नाही, यावर मात्र बँका वाद घालतील. माझ्या मते तो आहे. निदान १ ऑक्टोबर २०२४नंतर मंजूर झालेल्या कर्जासाठी तरी या परिपत्रकाचा हवाला देऊन बँकेकडे लेखी मागणी करावी. प्रतीवर कारण, तारीख आणि ‘अन्य उपयोगास नाही’ हा शेरा व्हॅल्युअरने खुशाल ठळक छापावा.