देणे मान्य, तारीख नाही

जाफराबाद तालुक्यातली जमीन तलावासाठी गेली, हे सरकार कधी नाकारत नाही. नाकारणार तरी कसे? पाणी समोर दिसते, सातबाऱ्यावर नोंद असते. तरी मावेजाच्या दाव्याची फाईल जालन्याच्या कोर्टात बाप लावतो आणि मुलगा चालवतो. देणे लागतो हे मान्यच असताना वाद उरतो कशाचा?

हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. तिथे 1309 फसलीचा वेगळा भूसंपादन कायदा होता. पुढे 1894 चा ब्रिटिश कायदा इथेही लागू झाला. त्या कायद्याखाली मावेजा ठरवणारा जिल्हाधिकाऱ्याचा निवाडा हा न्यायनिर्णय नसून सरकारने मालकापुढे ठेवलेला देकार आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने 1905 मध्ये एझ्रा खटल्यात धरले. 1961 मध्ये हरीशचंद्र राज सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालय एक पाऊल पुढे गेले: देकार आहे, तर तो मालकाला कळायला हवा, कळेपर्यंत दाद मागण्याची मुदत सुरू होत नाही. शिवाय कलम 25 मुळे कोर्ट निवाड्याच्या रकमेखाली जाऊ शकत नव्हते. निवाड्यात लिहिलेला आकडा सरकारच्या अंगाला चिकटला, तो असा.

पण कबुली सरकारची आणि दक्षता शेतकऱ्याची, अशी विभागणी होती. पैसे उचलताना ‘हरकत राखून’ हे दोन शब्द लिहायचे राहिले, की वाढीव मावेजा मागायची वाट बंद. अंगठा उठवणाऱ्याकडून ही अपेक्षा! 1984 च्या दुरुस्तीने कलम 28-अ आणून थोडी भरपाई केली. त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला कोर्टाने दर वाढवून दिला, तर कोर्टात न गेलेल्यालाही तीन महिन्यांच्या आत तो मागता येऊ लागला. त्याच दुरुस्तीत दिलासा रक्कम 15 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर गेली आणि वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी 9, पुढे 15 टक्के व्याज ठरले. माझ्या मते या व्याजानेच सरकारला कबुलीची खरी किंमत दाखवली.

मराठवाड्यातली गुंतागुंत मात्र निवाड्याच्या आधीची आहे. 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर पाझर तलाव झाले, तेव्हा हाताला काम देण्याची घाई होती. खाजगी वाटाघाटीने ताबा घेतला, ताबा पावती झाली; अधिसूचना आणि निवाडा मागून, कधी कित्येक वर्षांनी. मधल्या काळाचे भाडे द्यावे, असा शासन निर्णय 1 डिसेंबर 1972 चा आहे, म्हणजे ही कबुलीही जुनीच. 2004 मध्ये आर. एल. जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचनेआधीच्या ताब्यावर कायद्याचे व्याज नाकारले, पण भाडे वा नुकसानभरपाई मिळू शकते असे सांगितले.

ज्यांच्याकडे पावतीही नाही, त्यांच्यापुढे सरकार ‘उशीर झाला’ म्हणे. 2012 मध्ये तुकाराम काना जोशी विरुद्ध एमआयडीसी या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट मानली नाही. तिथली अधिसूचना 1964 ची होती. 2020 मध्ये हिमाचलच्या विद्या देवी खटल्यात तर सरकारने प्रतिकूल ताब्याचा दावा केला होता. कल्याणकारी राज्याला नागरिकाच्या जमिनीवर असा हक्क सांगता येत नाही, असे न्यायालयाने बजावले.

आता नकार कमी झाला आहे; त्याची जागा आकड्याने आणि ‘निधी उपलब्ध नाही’ या शेऱ्याने घेतली. पुण्याच्या पाषाणची जमीन 1963 मध्ये गेली, मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकले, बदल्यात मिळालेली जमीन वनजमीन निघाली. ऑगस्ट 2024 मध्ये राज्याने 37.42 कोटी देऊ केले, तेव्हा न्यायमूर्ती गवई यांच्या खंडपीठाने फुकटच्या योजनांना पैसा आहे, याला का नाही, असे विचारले. पाषाणच्या जमिनीला कोटींचा भाव आहे, म्हणून ही गोष्ट बातमीत आली. कोरडवाहू दोन एकरांसाठी बेलीफ कार्यालयात खुर्च्या जप्त करायला जातो, एवढीच बातमी होते. लोकअदालतीत तडजोड करून शेतकरी काही रक्कम सोडतो, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. तरी धनादेशाची वाट पाहावी लागतेच.

1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने क्रम उलटा केला: निकडीची प्रकरणे सोडता, आधी पूर्ण मावेजा, मग ताबा. त्याआधीच ताबा देऊन बसलेल्यांना मात्र हा क्रम उपयोगाचा नाही.