गाडी चमकवली, आणि मग

॥ श्री गुरवे नमः ॥

या वेळी विषय जरा वेगळा आहे, गाडीच्या रंगाचा. हसू येईल, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. आम्हाला तुमचं मतही हवं आहे.

आम्ही दोघं बडोद्याला राहतो. आमची गडद निळी गाडी दहा वर्षांची झाली, विकायची ठरली. उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसायचे. दुकानात पॉलिशचा भाव विचारला तर साडेसात हजार म्हणाले. आम्ही म्हटलं, निवृत्त माणसांकडे वेळ भरपूर आहे, घरीच करू.

शिकताना पहिली लाज वाटली ती अशी. हे ओरखडे पडले कसे? रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याने. फडक्याखाली धुळीचा कण येतो आणि तोच रंगावर घासला जातो. म्हणजे दहा वर्षं आम्ही जी गाडी जपली, ती जपता जपताच खराब केली. (मुलांना वाढवणाऱ्यांनी या वाक्यावर थोडं थांबावं. आम्ही थांबलो होतो.)

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. ओरखडा बहुतेक या थरातच असतो. पॉलिश करतो म्हणजे आपण ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळाइतका खाली आणतो. ओरखडा "निघतो", पण थर कमी होतो, आणि तो परत येत नाही. ऊन सोसणारा तोच थर आहे. म्हणून नखाला अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर त्याच्या नादी लागायचं नाही, राहू द्यायचा.

काम तीन दिवस चाललं. आधी दोन बादल्यांनी धुतली, एकीत शॅम्पू आणि दुसरीत नुसतं पाणी, म्हणजे कपड्याची घाण परत गाडीवर जात नाही. मग साबणाच्या पाण्याचा फवारा मारत क्ले बार फिरवला. ही मातीच्या गोळ्यासारखी वडी रुतून बसलेली घाण ओढून घेते. पहिल्याच दिवशी ती हातून जमिनीवर पडली. पडली की टाकूनच द्यायची, कारण तिला वाळू चिकटते. अर्धीच पडली म्हणून बरं. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आणि दारांच्या कडांवर मास्किंग टेप लावली, कारण कडांवर रंग आणखी पातळ असतो. मशीन भाड्याने आणलं, डीए म्हणतात ते. त्याची चकती फिरताना थरथरतेही, त्यामुळे नवशिक्याच्या हातून रंग जळण्याची भीती कमी. सावलीत, पत्रा गार असताना, आधी दोन फूट बाय दोन फूट एवढ्याच चौकोनावर, सगळ्यात सौम्य पॉलिश घेऊन करून पाहायचं. त्याने भागलं तर जोरदार कंपाउंड आणायचंच नाही. आमचं बरंच भागलं. बॉनेटला मात्र कंपाउंड लागलं.

इथपर्यंत सगळं ठीक. बाजारात आणखी एक प्रकार मिळतो, ग्लेझ. तो काही काढत नाही, ओरखड्यात तेलकट पदार्थ भरतो. गाडी आरशासारखी दिसते आणि काही धुण्यांनंतर ओरखडे जसेच्या तसे परत. ज्यांना प्रामाणिकपणे बघायचं असतं ते पॉलिश झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. तेल उडून जातं आणि खरं काय उरलं ते दिसतं. मग टॉर्च मारून बघायचं.

आम्ही ग्लेझ आणलं नाही, अल्कोहोलने पुसूनच पाहिलं. तेव्हा आम्हाला फार बरं वाटलं, आपण काही लपवलं नाही म्हणून. ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं.

शनिवारी आपल्याच उपासना मंडळातल्या एका गुरुबंधूंचा मुलगा गाडी बघायला आला. नवी नोकरी, पहिली गाडी, आईला मागे बसवून देवदर्शनाला न्यायची हौस. बॉनेटवरून हात फिरवून म्हणाला, "काका, काकू, रंग बघूनच कळतं हो गाडी किती जपलीये. बाकी काही बघायची गरजच नाही." आम्ही दोघंही हसलो. चहा झाला. उद्या टोकन देतो म्हणाला आणि गेला.

आता जे आम्ही त्याला सांगितलं नाही ते इथे सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ही गाडी नदीजवळ एका नातेवाइकांच्या सोसायटीत उभी होती. पाणी सीटला लागलं नाही, पण कार्पेट पूर्ण भिजलं, चिखल आत आला. आम्ही सगळं उचकटून वाळवलं, गाडी आजवर एकदाही बंद पडलेली नाही. पण कार्पेटखालून वायरी जातात, आणि त्यांच्या जोडांना गंज लागला तर तो कधी डोकं वर काढेल सांगता येत नाही. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यामुळे क्लेम नाही, कुठे नोंदही नाही. आम्ही गप्प बसलो तर कोणालाच कळणार नव्हतं.

त्या रात्री आमच्यात वाद झाला. कोण काय म्हणालं ते सांगत नाही, घरातली गोष्ट आहे. एक बाजू अशी: त्याने विचारलंच नाही. आपण खोटं बोललो नाही. घेणाऱ्याने बघून घ्यावं, जगात असंच चालतं. दुसरी बाजू: मग पॉलिश तरी कशाला केलं? तो मुलगा रंगाकडे बघून आतल्या गाडीवर विश्वास ठेवत होता, आणि आपण ते बघत होतो.

जावई वकील आहेत. सकाळी फोनवर त्यांना विचारलं, कायदा काय म्हणतो? ते हसले आणि म्हणाले, तुमची गोष्ट कायद्यात लिहूनच ठेवली आहे, फक्त तिथे गाडीऐवजी घोडा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा धड नाही हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? तर नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं धरतो", आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. त्याच कलमात जाणूनबुजून दोष झाकणं ही सरळ फसवणूक म्हटली आहे. म्हणजे ग्लेझ वेगळं आणि गप्प बसणं वेगळं, हा फरक कायद्यानेही केला आहे.

हे ऐकून आमचं समाधान व्हायला हवं होतं. उलट झालं. "बाकी काही बघायची गरजच नाही" हे त्या मुलाचं वाक्य तिसऱ्या घोड्यासारखं कानात वाजायला लागलं. दर गुरुवारी ज्याच्या शेजारी बसून आरती म्हणतो त्याचा मुलगा आपल्याला कोण? लिलावातला अनोळखी माणूस की आपलं लेकरू?

आम्ही फोन केला, सगळं सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "काका, बाबांना विचारून सांगतो." दोन दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला, नको म्हणाले. रागावले नाहीत, पण पूर्वीसारखं बोललेही नाहीत. कदाचित त्यांच्या मनात आलं असेल की हे शनिवारीच का नाही सांगितलं. त्याला आमच्याकडे उत्तर नाही.

आता खरी अडचण. पहिल्या वेळी आम्ही सांगितलं ते नात्यामुळे. नात्याबाहेरच्या माणसाला सांगितलं असतं का? दोघांनीही प्रामाणिकपणे कबूल केलं, बहुतेक नाही. मग आपण सत्याला धरून वागलो की फक्त आपल्या माणसांना सांभाळलं? एक विचार असा येतो की अनोळखी माणसाला आपण कमी देणं लागतो, हे सगळं जग मानतं आणि त्यात तथ्यही आहे. त्याला मेकॅनिक आणायची मुभा आहे, तो आपल्यावर विसंबून नाही. पण मेकॅनिकही आधी रंगच बघतो, आणि आमचा रंग आता नको तितकं चांगलं बोलतो. आपण स्वतः तीन दिवस घासून जी साक्ष उभी केली, ती साक्ष अर्धीच खरी असेल तर उरलेलं अर्धं आपणच बोलायला हवं, असं आम्हाला वाटायला लागलं आहे. समोर कोण आहे यावर ते किती अवलंबून असावं, इथे आमचं अजून एकमत नाही. तुम्ही काय केलं असतं ते ग्रुपवर जरूर लिहा.

काल अहमदाबादहून एकाचा फोन आला. किलोमीटर विचारले, टायर विचारले. पाण्याबद्दल काही विचारलं नाही. आम्ही सांगितलं. तो म्हणाला, पुराची गाडी आहे तर वीस हजार कमी करा, रविवारी येतो. कमी करायचे की नाही ते ठरायचं आहे. ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट मात्र उचलून ठेवलं आहे, आणि टॉर्चमध्ये नवे सेल घातले आहेत.